तुरुंगातलं आजारपण आणि आपल्या तीन वह्या



आजचा विषय बचत गटाच्या बैठकीत सहसा निघत नाही. निघाला तरी आवाज खाली करून निघतो. कुणाचा दीर, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आहे, हे साऱ्या गल्लीला माहीत असतं. पण त्याची तब्येत कशी आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत का, असं त्याच्या घरच्या बाईला कुणी विचारत नाही. तीही सांगत नाही. म्हणून आज आपण तुरुंगातल्या माणसाच्या आरोग्याबद्दल बोलू. त्या आरोग्याची माहिती कोण गोळा करतं, ती कुठे तुटते आणि ती जोडण्यात वणी-दिंडोरी भागातल्या बायकांचा हात कुठे लागू शकतो, हे पाहू.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आपण सरसकट ‘गुन्हेगार’ म्हणतो. पण तुरुंगातल्या बहुतेकांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. त्यांचा खटला चालू असतो किंवा उभाच राहिलेला नसतो. त्यांना कच्चे कैदी म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ सालाच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन. शंभर माणसांच्या जागेत सरासरी १३१ माणसं राहत होती. बायका होत्या २३,७७२. त्यांतल्या दीड हजाराहून जास्त बायकांसोबत त्यांची लहान लेकरंही आत होती.

हे आकडे एका कारणासाठी सांगितले. यांतली बहुतेक माणसं कधी ना कधी घरी परत येतात. काही महिन्यांनी येतात, काही वर्षांनी येतात. येताना आतलं दुखणंही सोबत आणतात. त्यामुळे तुरुंगाचं आरोग्य हा गावाच्याच आरोग्याचा भाग आहे.

ही गोष्ट जगाला फार जुन्या काळी कळली, आणि तीही महागात पडून. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातले कैदी उभे केले होते. त्यांच्या कपड्यांतल्या उवांबरोबर टायफस नावाचा ताप न्यायालयात आला. त्या काळी त्याला तुरुंगाचा तापच म्हणत. त्या एका सत्रानंतर न्यायाधीश, वकील, पंच आणि खुद्द लंडनचे महापौर धरून पन्नासहून अधिक माणसं दगावली. रोगाने कोण आरोपी आणि कोण न्यायाधीश, हे पाहिलं नाही.

पुढे १७७३ साली जॉन हॉवर्ड नावाचे गृहस्थ तिथल्या एका जिल्ह्याचे शेरीफ झाले. त्यांनी तुरुंग पाहायला सुरुवात केली. एक पाहिला, मग दुसरा, मग देशभरचे. खोली किती फूट, खिडकी आहे का, पाणी किती मिळतं, आजारी किती, हे ते जागेवर लिहून घेत. त्यांच्या साक्षीनंतर १७७४ साली कैद्यांच्या आरोग्यासाठी कायदा झाला. भिंतींना चुना लावावा, हवा खेळती ठेवावी, आजाऱ्यांसाठी वेगळी खोली असावी, अशा साध्या गोष्टी त्यात होत्या. हॉवर्ड हे काही डॉक्टर नव्हते. ते जाऊन पाहत होते, मोजत होते आणि लिहीत होते. संशोधन हा शब्द मोठा वाटतो, पण त्याचं मूळ एवढंच आहे.

आपल्याकडे काय झालं? मराठी वाचकाला तुरुंग कळला तो आत गेलेल्या शिकलेल्या माणसांमुळे. १८८२ साली टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात. पण ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचं काय दुखत होतं, हे कागदावर आलं नाही. त्यात बायका तर अगदीच आल्या नाहीत.

ही कोंडी मुंबईत फुटली. पत्रकार शीला बारसे यांनी पोलीस कोठडीतल्या बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. मग मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना सांगितलं, की तुम्ही मध्यवर्ती तुरुंगात जा, तिथल्या बायकांशी बोला, आणि बोलताना दुसरं कुणी तिथे असू नये. ही शेवटची अट फार मोलाची होती. शेजारी शिपाई उभा असेल तर कोणती बाई खरं सांगेल? १९८३ च्या फेब्रुवारीत निकाल आला. बायकांना वेगळ्या कोठडीत ठेवावं, तिथे महिला पोलीस असाव्यात, अटक झालेल्या माणसाला वकिलाची मदत मिळावी, हे त्यात आलं. आणखी एक गोष्ट आली. आरोपीला न्यायाधीशासमोर आणल्यावर न्यायाधीशाने त्याला विचारायचं, की तुला कोठडीत त्रास झाला का? आणि सांगायचं, की वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा तुला हक्क आहे.

पुढे १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातले समाजकार्यकर्ते पोलीस ठाण्यात, तुरुंगात आणि सुटका झाल्यानंतरही माणसांसोबत काम करतात. काम करता करता नोंदी ठेवतात आणि त्या नोंदींतून सरकारपुढे मागण्या मांडतात. म्हणजे महाराष्ट्रात हे अगदीच कोरं रान नाही.

मग अडतं कुठे? ते समजायला आपल्या तीन वह्या डोळ्यांसमोर आणा. गटाची वही, सभासदाचं पासबुक आणि बँकेचं पासबुक. तिन्हींचा मेळ बसला तरच हिशेब खरा. एका वहीत हप्ता भरलेला दिसतो, दुसरीत दिसत नाही, तर आपण बैठक संपू देत नाही. तुरुंगातल्या माणसाच्या आरोग्याच्याही अशाच वह्या असतात. एक गावात, आशाताईंकडे आणि ग्रामीण रुग्णालयात. दुसरी अटकेच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे. तिसरी कारागृहाच्या दवाखान्यात. चौथी, पुढे पाठवलं तर, जिल्हा रुग्णालयात. या वह्या एकमेकींना भेटल्या नाहीत तर प्रत्येक ठिकाणी तो माणूस नवाच असतो.

समजा, सुरगाण्याकडून द्राक्षबागेत कामाला आलेल्या एका मजुराचे क्षयरोगाचे उपचार चालू आहेत. साध्या क्षयरोगाचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. तिसऱ्या महिन्यात भांडणात नाव आलं आणि अटक झाली. गोळ्यांची पाकिटं झोपडीत राहिली. त्याने आत सांगितलं नाही, कारण त्याला त्या वेळी सुटकेची चिंता होती. महिन्याभरात खोकला परत आला. भरलेल्या बराकीत तो खोकला दहा जणांना ऐकू गेला आणि त्यांच्या श्वासातही गेला. मधेच औषध सुटलं की जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. मग तोच आजार बरा करायला जास्त काळ लागतो, जास्त जड औषधं लागतात. १९९० नंतरच्या काळात रशियातल्या गर्दीच्या तुरुंगांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं, आणि सुटलेल्या माणसांबरोबर तो क्षयरोग गावांत पोहोचला.

आपल्या भागात आणखी एक दुखणं आहे, सिकलसेल. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांना हा शब्द नवा नाही. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, अंगाबाहेर श्रम झाले की सिकलसेलच्या रुग्णाला असह्य कळा येतात. वरून जखम दिसत नाही. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, हा सोंग करतोय. घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडलेलं सिकलसेलचं कार्ड अशा वेळी वकिलाइतकंच कामाचं असतं.

तिसरी गोष्ट दारूची. रोज खूप पिणाऱ्या माणसाची दारू अटकेमुळे एकाएकी बंद होते. घरच्यांना वाटतं, बरं झालं. पण पहिल्या चार दिवसांत त्याला थरथर सुटू शकते, घाम येतो, फिट येते, नसलेली माणसं दिसायला लागतात. यात माणूस दगावूही शकतो. वेळेवर कळलं तर यावर औषध आहे. पण कळणार कसं? तो रोज किती पितो, हे डॉक्टरांना ठाऊक नसतं. ते त्याच्या बायकोला किंवा आईला ठाऊक असतं.

म्हणजे पहिली वही आपल्या हातात आहे. आणि जाळं विणायचं म्हणजे या वह्या एकमेकींना जोडायच्या.

इंग्लंडमध्ये तुरुंगातल्या आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारी आरोग्य सेवेकडे देण्याचं काम २००६ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे गावाचा दवाखाना आणि तुरुंगाचा दवाखाना एकाच घरचे झाले. त्याच काळात मँचेस्टर विद्यापीठाने या विषयाच्या संशोधकांचं जाळं उभं केलं. तुरुंगात काम करणारे, दवाखान्यात काम करणारे आणि अभ्यास करणारे एकत्र बसू लागले, म्हणजे कुणी एकच अभ्यास दोनदा करू नये आणि झालेला अभ्यास कपाटात पडू नये.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण तर आपल्या वह्यांसारखंच आहे. तिथल्या संशोधकांनी तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांवर माणसांची यादी घेतली आणि ती मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. २००७ साली निष्कर्ष छापून आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांच्या मृत्यूचा धोका बाहेरच्या लोकांपेक्षा बारा पटींहून जास्त होता. नशेचा अतिरेक, हृदयविकार, मारामारी, आत्महत्या ही मोठी कारणं. तुरुंगाच्या वहीत ही माणसं ‘सुटली’ म्हणून खातं बंद झालं होतं. मृत्यूच्या वहीत ती नुसती नावं होती. दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं, की सुटका झाल्याचे पहिले पंधरा दिवस सर्वांत सांभाळायचे असतात.

असं जाळं नाशिक विभागात उभं राहू शकतं, असं आम्हाला वाटतं. विभाग म्हणण्याचं कारण आहे. माणूस एका जिल्ह्यात राहत नाही. नंदुरबारचा मजूर नाशकात येतो, धुळ्यात गुन्हा नोंदवला जातो, एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात बदली होते. एका जिल्ह्याची वही त्याला पुरत नाही. आणि आपल्याकडे सामग्री आहे. १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. मध्यवर्ती कारागृह आहे, जिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आणि गावोगाव आशाताई, सीआरपी ताई आणि ग्रामसंघ आहेत. हे सगळे तीन महिन्यांतून एकदा जरी एका टेबलाभोवती बसले, तरी कामाचे प्रश्न ठरवता येतील. आत जाताना किती जणांचे उपचार चालू होते? त्यांतल्या किती जणांचे आतही चालू राहिले? सुटताना हातात औषध आणि कागद मिळाला का? सिकलसेलची तपासणी किती जणांची झाली? बायकांना पॅड, गरोदरपणाची तपासणी, लेकरांच्या लसी वेळेवर मिळाल्या का?

मात्र एक पथ्य कडक पाळावं लागेल. तुरुंगातल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. त्याला वाटतं, नकार दिला तर त्रास होईल, होकार दिला तर सुटका लवकर होईल. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कैद्यांना विशेष जपायच्या लोकांमध्ये धरलं आहे. त्याची संमती घ्यायची, नाव बाहेर काढायचं नाही, आणि अभ्यासाचा फायदा त्यालाही पोहोचला पाहिजे. हेच पथ्य आपल्यालाही लागू आहे. कुणाला एचआयव्ही आहे, ही गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. ती बैठकीत बोलायची नाही, इतिवृत्तात लिहायची नाही.

आता एक प्रश्न मनात येणारच. ज्याने मारहाण केली, चोरी केली, बाईवर हात टाकला, त्याची एवढी काळजी कशाला? हा राग खोटा नाही. आपल्या गटांत मार खाल्लेल्या बायकाही आहेत, आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण न्यायालय शिक्षा देतं ती तुरुंगवासाची. क्षयरोगाची शिक्षा कोणत्याच कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की जखमी माणूस निर्दोष असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली नेल्सन मंडेला यांच्या नावाने नियम केले. त्यांतही हेच आहे, की बाहेरच्या समाजाला जी आरोग्यसेवा मिळते त्याच दर्जाची कैद्याला मिळावी. आणि आरोपी जिवंत, शुद्धीवर राहिला तरच खटला चालतो, तरच मार खाल्लेल्या बाईलाही निकाल मिळतो.

जाळं उभं राहायला वेळ लागेल. तोवर आपली वही आपण सुरू करू शकतो. त्यासाठी पुढची पाच कामं लिहून घ्या.

एक. घरातल्या प्रत्येक आजारी माणसाचा एक आरोग्य-कागद करा. आजाराचं नाव, औषधाचं नाव, किती वेळा, कधीपासून, कोणत्या दवाखान्यातून. क्षयरोग असेल तर निक्षय क्रमांक, सिकलसेल असेल तर कार्डाची झेरॉक्स. कोणतं औषध सोसत नाही, फिट येतात का, दारू किती, पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न झाला का, बाई असेल तर ती गरोदर आहे का. हा कागद अटकेसाठी म्हणून करायचा नाही. अपघातात, बाळंतपणात, गड उतरताना चक्कर आली तरी तो उपयोगी पडतो.

दोन. अटक झालीच, तर कागदाच्या झेरॉक्स काढा. एक तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी, एक पोलीस ठाण्यात, एक वकिलाला, मूळ प्रत घरी. दिल्याची पोच घ्या. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मागता येते. बाईची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायला हवी. तुरुंगात गोळ्या परस्पर आत देऊ नका. कागद द्या आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज करा.

तीन. वकील नाही म्हणून थांबू नका. बाईला आणि कोठडीतल्या कुणालाही, मिळकत कितीही असली तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दिंडोरीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. फोनवर १५१०० हा क्रमांक आहे. उपचार होत नसतील तर वकील न्यायालयाला अर्ज करू शकतो. बाई, आजारी आणि अशक्त माणूस यांच्या जामिनाचा वेगळा विचार करण्याची तरतूदही कायद्यात आहे.

चार. लेकरांकडे पाहा. आईसोबत सहा वर्षांपर्यंतचं मूल तुरुंगात राहू शकतं. त्याचं खाणं, लस, खेळ, शिकणं यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सूचना दिल्या आहेत. लसीचं कार्ड आईसोबत गेलं पाहिजे. जी लेकरं मागे राहतात त्यांचं अंगणवाडीतलं, शाळेतलं नाव सुटणार नाही, हे ग्रामसंघाने पाहावं.

पाच. सुटून आलेल्या माणसाचे पहिले पंधरा दिवस सांभाळा. आशाताईंना कळवा. आतले उपचाराचे कागद मागून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजन घटत असेल तर थुंकीची तपासणी करा. ती आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा एक हजार रुपये मिळतात. माणूस गप्प गप्प असेल, झोपत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. आणि त्या घरच्या बाईला बैठकीला बोलवा. बहुतेक वेळा तिने लाजेने येणं बंद केलेलं असतं. हप्ता थकलेला असतो तो वेगळाच.

पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाली की अर्धा तास राखून ठेवा. एका कोऱ्या वहीत प्रत्येक सभासदाच्या घरचा आरोग्य-कागद तयार आहे की नाही, एवढंच लिहा. आजार लिहू नका, कुणाचा माणूस आत आहे तेही लिहू नका. फक्त ‘झाला’ किंवा ‘राहिला’. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्या गटांचे आकडे एकत्र करा. ते आकडे प्रभागसंघाने ठराव करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि ग्रामीण रुग्णालयाला कळवावेत, आणि सोबत एकच विनंती करावी: गावातून गेलेला कागद आत पोहोचतो का, याची नोंद कृपया ठेवा. वणीच्या दहा-वीस गटांनी हे केलं, तर नाशकात बसणाऱ्यांना पहिली वही तयार मिळेल. तिच्याशी मेळ घालायला मग त्यांना आपल्या वह्या उघडाव्या लागतील.